सरासरी तिखट

माझ्या वडिलांनी एकदा सीताबर्डीवरून चपलांचे दोन जोड आणले. दादाला आठ नंबर लागायचा आणि मला चार. दुकानात आठ संपले होते, चारही संपले होते, सहा मात्र भरपूर होते. दुसरा कोणी बाप असता तर रिकाम्या हातानं परतला असता. बाबांनी तिथेच उभ्या उभ्या आठ आणि चार बारा केले, बाराचे निम्मे सहा केले आणि सहा नंबरचे दोन जोड पिशवीत घालून मोठ्या समाधानानं घरी आले. दादाच्या टाचा चपलेबाहेर दोन बोटं लोंबायच्या आणि मी चालायला लागले की चप्पल माझ्यामागून, तिला सवड होईल तशी यायची. आई कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "सहा नंबरचा पाय कोनाचा आहे या घरात? त्याले बोलवा, घालून तं पाहू दे." बाबा शांतपणे म्हणाले, "सरासरी बरोबर आहे." त्या चपला पुढे दोन वर्षं संडासाच्या दाराशी पडून होत्या आणि पाहुण्यांच्या कामी आल्या.

बाबा शेतीखात्याच्या कचेरीत सांख्यिकी सहायक होते. गावोगाव जाऊन शेतातला ठरावीक तुकडा मोजायचा, त्यातलं पीक कापून तोलायचं आणि अशा पाच-पंचवीस तुकड्यांवरून तालुक्याची सरासरी काढायची, हे त्यांचं काम. ते त्यांनी इतकी वर्षं आणि इतक्या निष्ठेनं केलं की घरातसुद्धा त्यांना माणसं दिसेनाशी झाली होती, तुकडे दिसायचे. घराची सरासरी झोप, आंघोळीचा सरासरी वेळ, सरासरी पोळ्या असं सगळं त्यांच्याकडे होतं. आम्ही चौघं मिळून बावीस पोळ्या खायचो, म्हणजे माणशी साडेपाच. आई दुपारी भाकरी खायची आणि पोळीला हात लावायची नाही, पण तिच्या नावावरही साडेपाच लागलेल्याच होत्या. स्वभावानं माणूस अतिशय सज्जन. कोणाला 'का रे' म्हणून कधी दुखावलं नाही. पण एकदा सरासरी निघाली की तिच्यापुढे आमचं कोणाचं काही चालायचं नाही.

आई भिवापूरची. तिच्या माहेरी पिढ्यान्पिढ्या मिरची. बाबांचं घराणं कारकुनाचं, सगळे कागदाला टाक टेकवून बसणारे. लग्नात बाबांच्या आत्यानं ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलं होतं, "मिरचीवाल्यांची मुलगी केली." हे आईनं मला सांगितलं तेव्हा मी सतरा-अठरा वर्षांची होते, म्हणजे त्या बोलण्याला वीस वर्षं होऊन गेली होती आणि तरी सांगताना तिचा आवाज बदलला. दर उन्हाळ्याच्या तोंडाला मामा मिरचीची पोती टाकून जायचा. गच्चीवर मिरच्या पसरल्या की आमचं अख्खं घर लाल दिसायचं. मग देठ खुडायचे. दुपारभर बसलं की बोटांची अशी आग व्हायची की ताकाच्या पातेल्यात हात बुडवून बसावं लागे, आणि त्या आठवड्यात कोणी चुकूनही डोळे चोळले तर घरात बोंबाबोंब. मग कांडप. कांडपाच्या गिरणीतून तिखट घरी आलं की शेजारची कुत्रीसुद्धा शिंकायची. आई मात्र नाकाला पदर न लावता डबे भरायची. मला वाटतं वर्षातले तेवढेच दिवस ती त्या घरात आपल्या स्वतःच्या जागी असायची.

त्या वर्षी मी कॉलेजच्या पहिल्या वर्षात संख्याशास्त्रात नापास झाले होते. सांख्यिकी सहायकाची मुलगी संख्याशास्त्रात नापास, हे गल्लीत दोन महिने पुरलं. मला सूत्रं सगळी पाठ होती. मध्य म्हणजे बेरीज भागिले संख्या, मध्यक म्हणजे चढत्या क्रमातला मधला, बहुलक म्हणजे ज्याची गर्दी जास्त तो. प्रमाण विचलनाचं लांबलचक वर्गमूळवालं सूत्रसुद्धा मी झोपेत म्हणायची. पण हे कशासाठी काढायचं ते मला कळत नव्हतं. मध्यबिंदू सापडला ना, मग बाकीचे आकडे त्याच्यापासून किती लांब उभे आहेत याची उठाठेव कशाला, असं मला मनापासून वाटायचं. ऑक्टोबरात पुन्हा परीक्षा होती. पुढे याच विषयावर मी पस्तीस वर्षं पोट भरलं, हे मी जुन्या मैत्रिणींना सांगते तेव्हा त्या अजूनही हसतात.

मागच्या गल्लीत निमजे राहायचे. हिंगण्याच्या एका कारखान्यात ते कॅन्टीनचे सुपरवायझर होते. सकाळी कंपनीची बस पकडायचे आणि संध्याकाळी उतरले की आमच्या फाटकाशी घटकाभर थांबायचे. एका संध्याकाळी ते म्हणाले, "वहिनी, आमच्या कॅन्टीनचं तिखट म्हणजे निव्वळ भुसा आहे. लोकं शिव्या देऊन राहिले. तुमचं देता काय दर महिन्याले? आठवडाभर चालवून पाहू. लोकायनं बोंब नाही मारली तं आर्डर पक्की."

आईनं आत येऊन रिकाम्या पातेल्याला फोडणी दिली. म्हणजे तेल तापलं, मोहरी तडतडली, आणि मग तिच्या लक्षात आलं की भाजी चिरायचीच आहे. मी तिला तसं कधी पाहिलं नव्हतं. रात्रीची जेवणं व्हायच्या आत ती मला म्हणाली, "शैले, मले हे पाहिजे वं. आजपर्यंत मी जे काई केलं ते या चार भिंतीत केलं. मले हे एक पाहिजे." सोन्याची बांगडीही तिनं कधी अशी मागितली नव्हती.

ती तशीच डबे भरून देती तर ही गोष्ट तिथेच संपली असती. पण बाबांनी मान हलवली. "असं अंदाजपंचे नाही पाठवायचं. आधी चाचणी. शास्त्रीय." आईकडे दोन तिखटं असत, एक भिवापुरी जहाल आणि एक रंगाच्या मिरचीचं सौम्य. ही दोन किती प्रमाणात मिसळावीत ते बाबा काढणार होते. गल्लीतली दहा घरं म्हणजे नमुना. प्रत्येक घरी आलू-वांग्याच्या भाजीची वाटी जाणार आणि घरातल्या कर्त्यानं एक ते दहात गुण द्यायचे. एक म्हणजे मुळीच तिखट नाही, दहा म्हणजे कानातून धूर. सरासरी पाच आली की प्रमाण ठरलं. वाट्या पोचवणं आणि सरासरी काढणं माझ्याकडे, कारण 'तेवढाच अभ्यास होईल'.

आमच्या गल्लीच्या डाव्या हाताला सगळी बदलून आलेली नोकरदार मंडळी होती आणि उजव्या हाताला पिढ्यान्पिढ्यांची नागपूरकर. डावीकडच्या जोशीकाकू रत्नागिरीच्या. त्या आमटीतच काय, ठेच्यातही गूळ घालायच्या. त्यांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, पदरानं नाक पुसलं आणि तांब्याभर पाणी प्यायल्या. "नऊ लिही गं," त्या म्हणाल्या. "दहाच लिहिणार होते, पण तुझ्या आईला वाईट वाटायचं." उजवीकडच्या परातेकाकांच्या घरी सावजी रस्सा शिजायचा तेव्हा आमच्या खिडक्या लावाव्या लागत. त्यांनी अख्खी वाटी दोन घासांत संपवली आणि माझ्याकडे पाहत बसले. "रंग मस्त आहे, पोरी. तिखट टाकाचं विसरली काय तुझी माय?" मी विचारलं, "गुण किती देऊ?" ते म्हणाले, "शून्य नाही काय तुह्या वहीत? मंग एक लिही."

दोनदा प्रमाण बदललं. गल्लीनं या शास्त्राला उत्तम सहकार्य दिलं, कारण भाजी फुकट होती. डावीकडच्या मुलांना तर वाटी आली की साखर मिळायची. तिसऱ्या खेपेला निम्मं-निम्मं मिसळलं आणि मी वही घेऊन बसले. नऊ, एक, आठ, दोन, नऊ, एक, एक, नऊ, दोन, आठ. बेरीज पन्नास. भागिले दहा. पाच! ना वर ना खाली, नेमके पाच. बाबांचा चेहरा असा उजळला की जणू तालुक्याला बंपर पीक आलं. "मध्यक काढ," ते म्हणाले. मी चढत्या क्रमानं मांडले. मधले दोन आकडे दोन आणि आठ, त्यांचा मध्य पुन्हा पाच. बाबांनी हातच जोडले. "दोन्ही पाच! याला म्हणतात प्रमाण."

आई लसूण सोलत होती. तिनं विचारलं, "पाच कोनं देल्ले?"

मी वही पाहिली. "कोणीच नाही."

"चार?"

"नाही."

"सहा?"

"नाही गं."

"मंग हे पाच आले कुठून?"

"सरासरीनं आले," बाबा म्हणाले.

आईनं पुढची पाकळी सोलायला घेतली. हल्ली माझी नात मोबाईलवर हॉटेलं शोधते आणि तीन तारे दिसले की 'ठीकठाक असेल' म्हणते. मी तिला खाली बघायला लावते. निम्म्यांनी पाच तारे दिलेले असतात आणि निम्म्यांनी एक देऊन मालकाचा उद्धार केलेला असतो. ठीकठाक जेवलेला माणूस त्यात एकही नसतो. पण तेव्हा मला एवढी अक्कल नव्हती. मी बाबांना सुबक अक्षरात तक्ता करून दिला आणि निम्म्या-निम्म्या तिखटाचे डबे निमज्यांच्या बसमधून हिंगण्याला गेले.

तिसऱ्याच दिवशी संध्याकाळी निमजे फाटकाशी न थांबता थेट आत आले. त्यांच्या हातात कॅन्टीनची तक्रारवही होती. "वहिनी, मी अठरा वर्षांपासून लोकायले जेऊ घालून राहिलो," ते म्हणाले, "पण असं नाही पाहिलं. निम्मे म्हणते, हे कॅन्टीन आहे का दवाखाना? काही चवच नाही. अन् बाकीचे निम्मे म्हणते, दुपारून मशिनीवर उभं राहणं होत नाही, आम्हाले घरी जाऊ द्या. दोनशे माणूस जेवला, एकबी खुश नाही." त्यांनी वही आईपुढे धरली. एकानं लिहिलं होतं, 'भाजीत तिखट दाखवा आणि बक्षीस मिळवा.' त्याच्याच खाली दुसऱ्यानं लिहिलं होतं, 'खानेवालों की जान बचाओ.'

"शुक्रवारपर्यंत थांबतो," निमजे म्हणाले. "तुमच्यासाठी म्हणून. मंग मले जुनाच भुसा आणा लागन."

आईनं मान डोलावली, त्यांना चहा दिला, ते गेल्यावर कप विसळले आणि मग स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर बसून रडली. आवाज न करता, पण पुष्कळ. बाबा तिच्यासमोर जाऊन उभे राहिले, परत आले, पुन्हा गेले. शेवटी म्हणाले, "सरासरी बरोबर होती गं." त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला की मी वही उचलून गच्चीवर निघून गेले.

राग आल्यावर माणूस काय करेल ते सांगता येत नाही. मी प्रमाण विचलन काढलं. पाचापासून नऊ किती दूर? चार. एक किती दूर? चार. आठ तीन, दोन तीन. मी एकेक आकडा लिहीत होते आणि माझ्यासमोर एकेक दार उघडत होतं. हे जोशीकाकूंचे चार, पाणी पिऊन झालेले. हे परातेकाकांचे चार, वाटी चाटून झालेले. वर्ग केले, बेरीज एकशे बत्तीस, भागिले दहा, वर्गमूळ. साडेतीनच्या किंचित वर. ज्या रेघेवर पाच लिहिले होते, तिथे कोणीच राहत नव्हतं. सगळी गल्ली तिच्यापासून साडेतीन-चार घरं लांब, दोन बाजूंना तोंडं करून बसली होती. बहुलक काढला तर तो एकटा खरं बोलला. तीन एक, तीन नऊ. दोन बाजूंना दोन गर्द्या. सूत्र मला वर्षभर पाठ होतं. ते माणसांबद्दल बोलतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मी खाली येऊन वही बाबांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून एकेक ओळ तपासली. गणितात चूक नव्हती. शेवटच्या आकड्यावर बोट ठेवून ते चोरी पकडली गेल्यासारखे म्हणाले, "मला येतं हे. पण आमच्या कचेरीच्या तक्त्यात याचा रकानाच नाही. इतकी वर्षं नाही. त्यामुळे..." माझा राग तिथेच गेला. पोळ्या, चपला, झोपा, सगळं त्यांनी बिचाऱ्यांनी एकाच रकान्यात बसवलं होतं, कारण त्यांना दुसरा मिळालाच नव्हता.

"मग आता प्रमाण काय ठेवायचं?" त्यांनी विचारलं. "जहाल वाढवलं तर हे मरतील. कमी केलं तर ते."

इतका वेळ आई भिंतीला टेकून बसली होती. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "तुमी दोघं बापलेक केव्हाचे पाचच्याच मागं लागले. रविवारी तुमी चौकात पोहे खाता ना? पोहेवाला काय करते? पोहे सगळ्यायचे एकच करते. अन् तर्रीचा लाल रस्सा वरून किती टाकू विचारते. तुमी अर्धा चमचा घेता. दादा तीन पळ्या घेते अन् वरून अजून मागते. त्यानं तुमची अन् दादाची सरासरी काढून तर्री टाकली असती, तं कोनी गेलं असतं काय त्याच्या गाडीवर?"

बाबांनी वही मिटली. नागपुरात जन्मलेलं पोरसुद्धा हे जाणतं, पोहे पांढरे आणि तर्री ज्याची त्याची. आम्ही दर रविवारी पाहत होतो आणि वहीत घालताना विसरलो होतो. मला अजूनही वाटतं की आमच्या विषयाच्या पुस्तकात प्रमाण विचलनाच्या प्रकरणाआधी पोह्याच्या गाडीचं चित्र असायला हवं.

शुक्रवारी आई स्वतः गेली. कंपनीच्या बसमध्ये पुढच्या बाकावर, मांडीवर दोन डबे घेऊन. बाबांनी अर्धी रजा टाकली, मी कॉलेज बुडवलं. आज हिंगण्याकडे मेट्रो जाते आणि पंधरा मिनिटांत पोचवते. तेव्हा त्या बसनं आमची हाडं खिळखिळी केली, पण आईला ते कळलंही नसेल. कॅन्टीनच्या भट्टीवर तिनं सौम्य तिखटाची आलू-वांग्याची भाजी केली आणि एका वेगळ्या गंजात, म्हणजे उभ्या पातेल्यात, भिवापुरीची तर्री, वर लालभडक तेल तरंगतंय अशी. शिफ्टचा भोंगा झाला. लोक ताटं घेऊन रांगेत आले. भाजी निमज्यांचा माणूस वाढत होता आणि आई तर्रीची पळी घेऊन उभी होती. पहिल्याला तिनं विचारलं, "किती टाकू, भाऊ?" तो गोंधळला. त्याला त्या कॅन्टीनमध्ये असं कोणी कधी विचारलंच नव्हतं.

"टाका ना दोन."

पुढच्यानं ताटावर हात आडवा धरला. "नको, नको, मला नको ताई." त्याच्या पुढचा म्हणाला, "काकू, आने दो, आने दो," आणि चार पळ्या होईपर्यंत 'बस' म्हणाला नाही. बाबा कोपऱ्यात वही घेऊन उभे होते आणि प्रत्येकाच्या पळ्या लिहून घेत होते. दोन, शून्य, चार, एक, अर्धी, तीन, शून्य. मी त्यांच्या शेजारी जाऊन विचारलं, "सरासरी काढू?" ते वहीवरून मान वर न करता म्हणाले, "राहू दे. वाचायला असंच बरं वाटतं." आणि ते खरोखर एकेक आकडा आणि मग तो माणूस कुठल्या बाकावर बसून कसा जेवतो आहे, ते पाहत होते.

तक्रारवहीत त्या दिवशी एकच नोंद झाली, पंखा बंद असल्याची.

निमज्यांनी पुरवठ्याचा छापील फॉर्म आणला आणि कॅन्टीनच्या टेबलावर ठेवला. आमच्या घरातले सगळे फॉर्म बाबाच भरत. सवयीनं त्यांनी खिशाचं पेन काढलं, टोपण उघडलं, 'पुरवठादाराचे नाव' या ओळीवर नेलं आणि थांबले. मग त्यांनी ते पेन आईच्या हातात दिलं. आई चौथीपर्यंत शिकलेली. पदराला हात पुसून तिनं लिहायला घेतलं. एकेक अक्षर काढून, वर रेघ ओढून. हाताला तर्रीचा वास होता, कागदावर लाल बोट उमटलं. निमज्यांनी फॉर्म उचलून वाचला आणि गोंधळून म्हणाले, "वहिनी, तुमचं नाव तं सुमती ना? ही गोदा कोन?"

मीही वाकून पाहिलं. रेशन कार्डावर सुमती, दवाखान्याच्या कागदावर सुमती, सत्यनारायणाच्या संकल्पात सुमती. गोदा हे नाव मी त्या घरात जन्मल्यापासून एकदाही ऐकलं नव्हतं.

"मीच," आई म्हणाली. "लग्नाच्या आधीची."

"पण असं कसं चालन, वहिनी? हे तुमचंच नाव आहे, याले पुरावा काय?"

आईनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी तिच्या हातातून पेन हळूच घेतलं आणि फॉर्म आपल्याकडे ओढला. तळाशी, साक्षीदाराच्या ओळीवर, त्यांनी आपली वळणदार सही केली आणि सवयीनं खाली हुद्दाही लिहिला : सांख्यिकी सहायक.